डोंगरी गावांत वायरलेस इंटरनेटचा व्यवसाय: शिकायचं कुठे, मदत कोणाची घ्यायची?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आलो, धागा काढायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

गाव पाटण तालुक्यात, तारळे खोऱ्याच्या वरच्या अंगाला. पुण्यात एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला होतो, आता कायमचा घरी आलोय. बाजाराच्या गावापर्यंत फायबर आहे, पण वरच्या वाड्यांवर कोणी येत नाही, कारण दहा-पंधरा घरांसाठी दोन-तीन किलोमीटर केबल ओढणं कोणालाच परवडत नाही. मोबाइलची रेंज म्हणाल तर ओट्याच्या एका कोपऱ्यात उभं राहावं लागतं. सडावाघापूरच्या पठारावर उभं राहिलं की खालच्या वाड्या उघड्या डोळ्यांनी दिसतात, त्यावरून ही कल्पना सुचली. पठारावर एक रेडिओ (बिनतारी सिग्नल पाठवणारं यंत्र) बसवायचा आणि घराघरांवर छोट्या डिश.

कॉम्प्युटर, राउटर, वायफाय एवढं येतं. टॉवर, रेडिओ, परवाना यातलं काही येत नाही. पुण्यातली एक संस्था तीन दिवसांचं ट्रेनिंग, सामान आणि 'फ्रँचायझी' असं साडेचार लाखांचं पॅकेज देतेय. वडील म्हणतात घेऊन टाक, निदान कोणीतरी हात धरेल. मला धीर होत नाही. असं काम कोणी केलंय का इथे? शिकायचं कुठे आणि मदत मागायची कोणाकडे?

रिकामा_वाफा

रुमाल टाकून ठेवतो. जावळीत आमचीही हीच रड आहे.

डिशवाला

साडेचार लाख?! भावा, थांब जरा.

मी खानापूर-विट्याकडचा. आधी केबल टीव्ही, मग फायबर, आणि जिथे फायबर पुरत नाही तिथे रेडिओ. तुझ्या पॅकेजवाल्यांना फोन लावून एवढंच विचार की कोणत्या आयएसपीच्या (इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या) परवान्याखाली मी काम करणार, आणि त्या परवान्यात सातारा जिल्हा आहे का? लेखी मागायचं. मग सामानाची यादी मॉडेल नंबरासकट माग आणि बाजारात भाव काढ. आमच्या भागातल्या एका पोराने असंच पॅकेज घेतलं होतं. खोक्यात निघाले घराच्या आत लावायचे राउटर आणि दोन जुने रेडिओ. 'फ्रँचायझी' म्हणजे एक रंगीत सर्टिफिकेट. ज्याच्या नावाने ते छापलं होतं त्याच्याकडे परवानाच नव्हता.

ट्रेनिंग विकणारा आणि सामान विकणारा एकच असला की ट्रेनिंगमध्ये सामानच शिकवतात. हे माझं मत, पटलं तर घ्या.

जुनाएक्सचेंज

कोयनाकाठ, विचार चांगला आहे. सगळी नोकरी दूरसंचार खात्यात गेली, म्हणून आधी भीतीचं सांगतो, मग सोयीचं.

घरगुती फायबरचं एक कनेक्शन घेऊन ते रेडिओने दहा घरांना वाटलंत आणि महिन्याला पैसे घेतलेत, तर तो गुन्हा होतो. दूरसंचार कायदा २०२३ मधलं कलम ४२ पाहा. अधिकारपत्राशिवाय सेवा पुरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'सगळेच करतात' हा बचाव चालत नाही.

रेडिओच्या लहरींसाठी मात्र पैसे मोजावे लागत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून खुला आहे, आणि ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधले ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त झाले. लोक इथेच फसतात. पट्टा खुला म्हणजे धंदा खुला, असं धरून चालतात. यंत्रालाही डब्ल्यूपीसी, म्हणजे लहरींचा कारभार पाहणारी दूरसंचार खात्याची शाखा, तिची ईटीए नावाची मान्यता लागते. बिलासोबत तो क्रमांक मागून घ्या.

आता वाटा. स्वतःचा आयएसपी परवाना ही एक. युनिफाइड लायसन्समध्ये, म्हणजे दूरसंचार सेवांच्या एकत्रित परवान्यात, 'अ' वर्ग देशभरासाठी, 'ब' एका सर्कलसाठी, म्हणजे ढोबळमानाने राज्यासाठी, आणि 'क' एका एसएसएसाठी, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्यासाठी. प्रवेश शुल्क अनुक्रमे ३० लाख, २ लाख आणि २० हजार असं होतं. नव्या कायद्याखाली ही रचना बदलते आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर जे असेल तेच खरं धरा. 'क' वर्गाचे २० हजार पाहून हुरळून जाऊ नका. अर्जदार कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असावी लागते, एकट्याच्या नावाची पेढी चालत नाही. पुढे बँक गॅरंटी, महसुलावर परवाना शुल्क, त्याचे विवरण, ग्राहकांच्या नोंदी, हे सगळं मागोमाग येतं.

दुसरी वाट म्हणजे परवानाधारकाचा भागीदार होणं. बीएसएनएलची 'भारत एअरफायबर' सेवा जानेवारी २०२१ मध्ये आपल्या अकोल्यातच सुरू झाली. परवानामुक्त पट्ट्यातले रेडिओ लावायचे, स्थानिक भागीदाराने जोडण्या द्यायच्या, देखभाल करायची आणि महसुलात वाटा घ्यायचा, असा मामला आहे. तुम्हाला करायचं आहे ते हेच. कराड किंवा साताऱ्याच्या कार्यालयात जाऊन भागीदारीबद्दल विचारा. फोनवर विचारू नका, समोर बसा. फोनवर प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाचा नंबर देतो.

तिसरी पीएम-वाणी, ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. यात चहाच्या टपरीवालाही 'पब्लिक डेटा ऑफिस' (पीडीओ), म्हणजे वायफाय देणारं ठिकाण, होऊ शकतो, परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. नोंदणी लागते ती त्याच्या वरच्या पीडीओएला, म्हणजे अनेक पीडीओंना एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेला. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने असंही ठरवलं की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त भावाने देता येणार नाहीत. पण ही एसटी स्टँड, बाजार, शाळा अशा जागी वायफाय वाटण्याची व्यवस्था आहे. डोंगरातल्या घरोघरी जोडणीचा तो मार्ग नव्हे. हात बसवायला मात्र उत्तम.

सागरगोटा

जुनाएक्सचेंज काकांना अनुमोदन. आता शिकण्याचं बोलते.

आम्ही दोघं बहीण-भाऊ गुहागर तालुक्यात एका परवानाधारक आयएसपीचे भागीदार म्हणून काम करतो. घाट उतरून खाली आलं की भूगोल बदलतो, पण पाऊस तुमच्यापेक्षा कमी नाही! कोर्स नंतर कर. आधी चालू नेटवर्क असलेल्या माणसाकडे बिनपगारी राब, आणि तेही पावसाळ्यात. उन्हाळ्यात सगळ्या लिंक चालतात, त्यातून काही शिकायला मिळत नाही.

आमच्याकडे मुलगा आला की पहिलं काम त्याला आरजे-४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचा प्लग) क्रिंप करायला बसवतो. तुम्ही म्हणाल हे तर येतंच. घरातलं येतं, बाहेरचं नाही. बाहेरची केबल शील्डेड, काळी, उन्हात न तडकणारी हवी. रेडिओला जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून झोळाच्या तळाशी गळतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. कनेक्टरवर आधी रबरी टेप ताणून गुंडाळायची, वर साधी इन्सुलेशन टेप, आणि गुंडाळायला खालून सुरुवात करून वर यायचं, कौलं जशी एकावर एक चढतात तशी. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक कडेत पाणी अडतं. हे मला कोणत्याही व्हिडिओत दिसलं नाही, भावाला एका जुन्या अँटेनावाल्याने शिकवलं.

मग अर्थिंग. आमच्याकडे मे महिन्यातल्या वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा सगळ्यात वाईट. वीज थेट रेडिओवर पडायची गरज नसते, शेजारच्या माडावर पडली तरी लांब केबलमध्ये दाब चढतो आणि पोर्ट जातो. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि खांबाला वेगळं अर्थिंग. घरमालकाच्या मीटरच्या अर्थिंगवर विसंबायचं नाही, कारण अनेक जुन्या घरांत ते नुसतं नावाला असतं.

आणि उंचीवर चढताना सेफ्टी बेल्ट. या बाबतीत मी फार कडक आहे. ओल्या पत्र्यावर 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणून कोणी चढला की मी त्याला घरी पाठवते.

कोयनाकाठ, वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गणपतीच्या आधी आलात तर बरं, तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि सगळ्यांना एकदम नेट हवं असतं. गर्दीत नेटवर्क कसं गुदमरतं ते तेव्हाच दिसतं.

पॅकेटपाटील

वाखु (वाचनखूण) साठवली. सागरगोटा ताईंचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

मी हिंजवडीत नेटवर्किंगमध्ये आहे, दोन ग्रामीण आयएसपींना फावल्या वेळात मदत करतो. तांत्रिक शिक्षणाबद्दल लिहितो.

'पठारावरून वाड्या दिसतात' एवढ्याने काम भागत नाही. दोन अँटेनांमध्ये लहरी लांबट फुग्यासारखी जागा व्यापतात, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झला ५ किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यावर त्या फुग्याची त्रिज्या साधारण ८ मीटर. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे जवळजवळ ५ मीटर, मोकळा हवा. म्हणजे समोरचं घर दिसतंय पण दृष्टीच्या रेषेखाली दोन मीटरवर आंब्याचा शेंडा आहे, तर लिंक लागेल आणि पावसाळ्यात पानं ओली झाली की रडेल. पठारावरच्या पवनचक्क्यांची पातीही या फुग्यात येऊ देऊ नका. फिरतं पातं म्हणजे फिरता अडथळा.

आता ताकद. ५.८ पट्ट्यात अँटेनातून बाहेर पडणारी ताकद ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) धरा. ५ किलोमीटरचा मोकळ्या हवेतला ऱ्हास सुमारे १२२ डीबी. समोर २५ डीबीआयची, म्हणजे सिग्नलमध्ये तेवढी भर घालणारी, डिश असेल तर ३६ उणे १२२ अधिक २५, म्हणजे उणे ६१ डीबीएम सिग्नल पोहोचायला हवा. जागेवर उणे ७२ मिळाला तर डिश वाकडी आहे किंवा मध्ये काहीतरी आहे. हे गणित कागदावर येणं हेच माझ्या मते पहिलं ट्रेनिंग. मग कोणी विक्रेता 'पॉवर वाढवून देतो, देश बदलून टाकू' म्हणाला की त्याला दाराबाहेर काढता येतं. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश भारतच निवडायचा, ताकदीची मर्यादा त्यावरून ठरते.

खर्च न करता शिकायचं तर युबिक्विटी आणि कँबियम या दोघांचीही लिंक आखायची मोफत साधनं आहेत. नकाशावर दोन टोकं टाकली की डोंगराचा उभा छेद दिसतो. त्यांना डोंगर कळतो, तुमच्या गावातला फणस कळत नाही, म्हणून जागेवर जाऊन बघणं चुकत नाही. एपनिक, म्हणजे आशिया-पॅसिफिक भागात आयपी पत्ते वाटणारी संस्था, तिच्या अकादमीचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, ब्राउझरमध्येच प्रयोगशाळा मिळते. राउटिंग आणि आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) तिथे शिका.

प्रमाणपत्र हवंच असेल तर मायक्रोटिकचं एमटीसीएनए. लॅटव्हियाची कंपनी आहे, आपल्याकडच्या लहान आयएसपींमध्ये तिचे राउटर सर्रास दिसतात. परीक्षेला २५ प्रश्न, एक तास, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. पुढचं एमटीसीडब्ल्यूई खास वायरलेसचं. पण त्याआधी त्यांचं सीएचआर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला राउटर, घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका. फुकट परवान्यात वेग एका एमबीपीएसवर अडवलेला असतो, शिकायला तेवढा पुरतो. त्यावर पीपीपीओई (ग्राहकाला युजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) सर्व्हर उभा करा, दोन खोटे ग्राहक जोडा, त्यांचा वेग बांधा, बिल थकलं म्हणून एकाला तोडा. हे जमलं की वर्गात बसून प्रश्न विचारता येतील, नाहीतर तिथे नुसत्या स्लाइड बघाल.

इनॉग, म्हणजे भारतातल्या नेटवर्क चालवणाऱ्यांचा गट, परिषदा आणि कार्यशाळा भरवतो. तिथे चहाच्या वेळेत ओळखी होतात त्या पुढे मध्यरात्री कामी येतात.

शंकासुर

सगळे इतके उत्साहात आहेत म्हणून पाण्यात खडा टाकतो.

जिओ एअरफायबर, म्हणजे मोबाइल टॉवरवरून घरात मिळणारं नेट, सप्टेंबर २०२३ पासून आहे, एअरटेलचंही आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं. उद्या तुझ्या वाडीत कोणी घरावर उपग्रहाची थाळी लावली तर तुझ्या डिशचं काय करणार? आणि तालुक्याला टॉवर आला की तुझा ग्राहक एका रात्रीत जाईल. पुण्यातली नोकरी सोडून हे?

डिशवाला

शंकासुर, तुझं नाव सार्थ आहे. पण मुद्दा बरोबर आहे.

जिओ-एअरटेलच्या एअरफायबरला ५जी टॉवरची चांगली रेंज हवी. जिथे ओट्याच्या कोपऱ्यात एक दांडी येते तिथे ते आज नाही. उद्याचं उद्या. म्हणून मी म्हणतो कर्ज काढून शंभर घरांचं नेटवर्क एकदम उभं करू नको. सामान असं घ्यायचं की एका वाडीत टॉवर आला तर तिथले रेडिओ काढून दुसऱ्या वाडीत लावता येतील. केबल पुरली की पुरली, रेडिओ मात्र उचलता येतो.

ग्राहक टिकतो तो वेगामुळे नाही. आमच्याकडे म्हातारी फोन करते, 'बाळा, टीव्ही लागंना.' बघायला गेलं तर रिमोटचे सेल गेलेले असतात. सेल बदलून येतो. कंपनीच्या कॉल सेंटरला हे जमणार आहे का?

कोयनाकाठ

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना धागा वाचून दाखवला, कलम ४२ ऐकल्यावर ते पॅकेजचं नाव काढत नाहीत.

संस्थेला डिशवाला दादांनी सांगितलेलं विचारलं. परवान्याचं 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं आणि सामानाची यादी पैसे भरल्यावर देऊ म्हणाले. विषय संपला.

सागरगोटा ताई, व्यनि केलाय. श्रावणात येतो.

आता दोन अडचणी. पठारावर रेडिओ लावायचा तर वीज कुठून? आणि वारा. सडावाघापूरचा उलटा धबधबा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, पावसाळ्यात पाणी खाली पडत नाही, वारा ते उचलून वर फेकतो. तिथे डिश टिकेल का? आणि पैशाचं कोणी सांगेल का? पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, कर्ज मिळतं असं ऐकलंय.

पॅकेटपाटील

वाऱ्यासाठी: भरीव डिशऐवजी जाळीची डिश. वारा आरपार जातो, खांबावर भार कमी येतो. खांब जाड घ्या, उंची कमी ठेवा. तुम्ही आधीच पठारावर आहात, आणखी १२ मीटर वर जायची हौस नको. काठाच्या जवळ तीन-चार मीटरचा खांब, तीन बाजूंनी ताण. डिश सरळ केल्यावर नटावर आणि खांबावर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. वादळानंतर रेघ तुटलेली दिसली की डिश फिरली, हे खालूनच कळतं.

विजेसाठी गणित मांडा. दोन रेडिओ आणि एक छोटा राउटर मिळून ३० वॉट धरले आणि दोन दिवस ऊन-वीज काहीच नाही असं मानलं, तर ३० गुणिले ४८, म्हणजे १४४० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, तेव्हा १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या दोन लागतील. पावसाळ्यात पठारावर आठवडाभर ढग बसतात, म्हणून निव्वळ सोलरवर जाऊ नका. पवनचक्कीच्या कंपनीची किंवा कोणाच्या शेतातली वीज भाड्याने मिळते का बघा, सोलर जोडीला.

जुनाएक्सचेंज

जागेबद्दल पुरवणी. पठारावर खासगी कोणती, गायरान कोणतं आणि वनखात्याची कोणती, हे सातबारा काढून बघा. पलीकडे कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, वनजमिनीवर विचारल्याशिवाय एक खांबही रोवू नका. खालच्या वाड्यांत पाण्याची टाकी किंवा शाळेची गच्ची वापरायची तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. सरपंचांनी तोंडी 'लावा की' म्हटलेलं पुढच्या निवडणुकीनंतर टिकत नाही.

आणखी एक. ग्रामपंचायतीत भारतनेटची (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची) जोडणी आहे का, तिथे चालू आहे का, ते बघा. चालू असेल तर तुमचा पाया पठाराऐवजी तिथूनही घालता येईल.

लेजरबुक

कराडात सीए आहे, म्हणून पैशाचं माझ्याकडे.

पीएमईजीपीत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटाला ३५ टक्के आणि स्वतःचे ५ टक्के. राज्याची सीएमईजीपी याच धर्तीवर आहे. यंदा कोणत्या योजनेचं पोर्टल चालू आहे ते साताऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आधी धंदा सुरू करून मग अर्ज करणाऱ्याला अनुदान मिळत नाही, योजना नव्या उद्योगासाठी आहे. म्हणून उत्साहाच्या भरात रेडिओ आधी विकत घेऊ नका.

इथे एक पेच आहे, तो कोणी सांगत नाही. पीएमईजीपी व्यक्तीला मिळतं, कंपनीला नाही. स्वतःच्या आयएसपी परवान्याला मात्र कंपनी लागते, असं काका वर म्हणालेच आहेत. म्हणजे अनुदानाचं कर्ज आणि स्वतःचा परवाना ही जोडी जुळत नाही. आता कर्ज हवं असेल तर परवानाधारकाचा भागीदार व्हा, व्यक्ती म्हणून. पुढे ग्राहक वाढले की कंपनी आणि परवान्याचा विचार करा.

या योजनांत उद्योजकता प्रशिक्षण असतं. लोक ते प्रमाणपत्रासाठी उरकतात. तसं करू नका. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं किंवा जिल्ह्यातल्या आरसेटीचं (बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं) प्रशिक्षण घ्या. आरसेटीचं फुकट असतं, राहण्या-जेवणासकट. तिथे रेडिओ शिकवणार नाहीत, पण रोकडप्रवाह मांडायला शिकवतात, आणि इंटरनेटवाले बुडतात ते तिथेच. ग्राहक महिन्याच्या शेवटी देतो, वरच्या बँडविड्थचे पैसे आधी भरावे लागतात.

बहिणीच्या किंवा बायकोच्या नावावर अर्ज करून विशेष गटाचं अनुदान घेण्याचा सल्ला बरेच जण देतील. ती खरंच धंद्यात असेल तर जरूर करा. नुसतं नाव लावायचं असेल तर बँकेच्या पाहणीत उघडं पडतं.

भटकी_जमात

अवांतर होईल, पण शिकण्याच्या प्रश्नाला धरूनच आहे.

हे काम भारतात आधी झालेलं आहे आणि त्यांच्याकडून शिकता येतं. धरमशाळेत एअरजल्दी २००५ च्या सुमारास सुरू झालं, हिमाचलातल्या डोंगरात याच परवानामुक्त पट्ट्यांवर नेटवर्क उभं केलं आणि सोबत गावातल्या मुलांना शिकवलं. डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन आणि इंटरनेट सोसायटीचा 'वायरलेस फॉर कम्युनिटीज' उपक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तो साड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चंदेरीत. फारसं न शिकलेल्या स्थानिक तरुणांना त्यांनी वायरलेसचे कारागीर बनवलं. आणि घरचं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईचा 'ग्राममार्ग', प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली पालघर जिल्ह्यातल्या गावांत. टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरी आणि ५.८ गिगाहर्ट्झ, दोन्ही त्यांनी वापरून पाहिलं. २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या स्पर्धेत तो पहिला आला होता.

पालघरच्या अनुभवातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे गावातला माणूस देखभालीला असणं आणि पंचायत त्यात सामील असणं. प्रयोग म्हणून उभं राहिलेलं काहीही, अनुदान संपलं की पडतं. तुम्ही तिथलेच आहात, हे तुमचं भांडवल.

शंकासुर

मान्य. शेवटचा खडा: नोंदी कोण ठेवणार? कोणी तुझ्या नेटवरून काही उपद्व्याप केला तर पोलीस तुझ्या दारात येतील.

पॅकेटपाटील

हा खडा नाही, धोंडा आहे, आणि बरोबर जागी टाकलाय.

डिसेंबर २०२१ पासून परवानाधारकांना वापराच्या नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात. लहान आयएसपीत एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे शेकडो घरं असतात, म्हणून कोणत्या क्षणी कोणत्या घराला कोणता पोर्ट क्रमांक दिला होता याची नोंद नसेल तर पोलिसांना उत्तर देता येत नाही. भागीदार म्हणून काम केलंत तर या नोंदी सहसा वरच्या आयएसपीच्या सर्व्हरवर जातात. 'सहसा'वर भागवू नका, करारात लिहून घ्या. ग्राहकाचा अर्ज, ओळखपत्र आणि फोटो तुमच्याकडून जाणार, ते मात्र पहिल्या घरापासून चोख. चुलतभाऊ असला तरी अर्ज भरून घ्यायचा.

सागरगोटा

चुलतभावाचा तर आधी भरून घ्यायचा! बिलाला तोच सगळ्यात जास्त थकतो.

कोयनाकाठ

ठरलं. बीएसएनएलचं कार्यालय आणि एक खासगी परवानाधारक, दोन्हीकडे भागीदारीसाठी विचारतोय. सोमवारी जिल्हा उद्योग केंद्रात जातो. तोवर लॅपटॉपवर सीएचआर टाकलंय, पीपीपीओईचा पहिला खोटा ग्राहक जोडला. नाव दिलं 'चुलतभाऊ'.

लेजरबुक साहेब, भागीदार म्हणून काम करताना जीएसटी मी लावायचा की आयएसपीने?

लेजरबुक

ग्राहकाचं बिल आयएसपीच्या नावाने निघत असेल तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी आयएसपी भरेल. तुम्ही तुमच्या वाट्याचं बिल आयएसपीला द्याल. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदणी नसेल तर रेडिओ आणि केबलवर भरलेला कर परत मिळत नाही. पहिल्या वर्षी खरेदीच जास्त असते, त्यामुळे स्वेच्छेने नोंदणी केलेली सहसा परवडते. कराराचा मसुदा हातात आला की सही करण्याआधी दाखवा, वाटा करासकट की कराविना ते त्यात स्पष्ट असायला हवं.